मायनर म्हणजे कोणासाठी किरकोळ?



आखातात हॉटेल, केटरिंग, सुपरमार्केट, कोल्ड स्टोरेज किंवा खाद्यपदार्थांची आयात यांपैकी कशातही नोकरी केलेल्या माणसाला 'एनसी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एनसी म्हणजे नॉन-कन्फॉर्मिटी, ऑडिटमध्ये सापडलेली त्रुटी. ती मेजर की मायनर, यावरून ऑडिटच्या शेवटच्या तासात, क्लोजिंग मीटिंगमध्ये, जी घासाघीस चालते ती पाहून भाजीबाजाराची आठवण यावी. "सर, एवढ्यासाठी मेजर नको, मायनर करा, उद्याच्या उद्या दुरुस्त करतो." ऑडिटरला संध्याकाळचे विमान पकडायचे असते, क्वालिटी मॅनेजरला आपले इन्क्रिमेंट दिसत असते आणि जनरल मॅनेजरला पुढच्या महिन्यातले टेंडर. मग चहा येतो, खजूर येतात, आणि मेजरचा मायनर होतो.

संयुक्त अरब अमिरातीत मी बरीच वर्षे याच क्षेत्रात काम करतो आणि त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे. आपल्या वाचकांतही या धंद्यातले अनेक जण आहेत. जे नाहीत, त्यांना हा विषय कोरडा आणि तांत्रिक वाटेल. तो तसा नाही, हे सांगण्यासाठीच हा लेख.

माझे म्हणणे थोडक्यात असे. मेजर आणि मायनर यांच्यातली रेषा दिसलेल्या दोषाच्या आकारावरून ठरत नाही. तो दोष ज्या व्यवस्थेतून आला, तिच्यावर विश्वास ठेवता येतो का, यावरून ती ठरते. आणि हे तपासायचे असेल, तर क्लोजिंग मीटिंगच्या टेबलावर कधीच नसलेल्या दोन माणसांचा विचार करावा लागतो: जेवणारा आणि स्वयंपाकघरात राबणारा. त्यांना वगळून ओढलेली रेषा कितीही नियमात बसली तरी खोटी असते.

व्याख्या काय सांगते

अन्नसुरक्षेची आजची पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत पिल्सबरी कंपनीने अंतराळवीरांचे अन्न तयार करताना बसवली. तिचे नाव हॅसप. तयार डबा तपासून तो सुरक्षित आहे की नाही हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर धोका कुठे शिरू शकतो ते आधी शोधायचे आणि तिथे पहारा बसवायचा, एवढी साधी कल्पना. १९९३ मध्ये कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मंडळाने ती स्वीकारली, आणि पुढे आयएसओ २२०००, बीआरसी वगैरे मानके तिच्यावर उभी राहिली.

प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी कसे वागावे याचेही एक मानक आहे, आयएसओ १७०२१. त्यातली मेजर त्रुटीची व्याख्या साध्या मराठीत अशी: व्यवस्थेने जे साधायचे आहे ते साधण्याची तिची क्षमताच जिच्यामुळे बाधित होते, ती मेजर. मायनरमुळे ती क्षमता बाधित होत नाही. पुढे दोन खुलासे आहेत, आणि माझ्या मते सगळे मर्म त्यांतच आहे. पहिला: प्रक्रियेवर परिणामकारक नियंत्रण आहे की नाही याबद्दल मोठी शंका असेल, तर ती त्रुटी मेजर ठरू शकते. दुसरा: एकाच मुद्द्याशी संबंधित अनेक मायनर त्रुटी मिळून व्यवस्थेचे अपयश दाखवत असतील, तर त्या मिळून मेजर होऊ शकतात.

म्हणजे मानकाने ऑडिटरला सांगितले आहे की मोजू नकोस, शंका घे. आपण मात्र मोजत बसतो.

एक उदाहरण घेऊ. चिलरचे तापमान आठ अंश. दुबईच्या फूड कोडनुसार थंड ठेवायचे अन्न पाच अंशांवर जाता कामा नये. मग हा आठ अंशांचा चिलर मेजर की मायनर? नुसत्या आकड्यावरून उत्तर देता येत नाही. आत अख्खे कांदे-बटाटे असतील तर प्रश्न वेगळा, शिजवलेला भात आणि कापलेली कोंबडी असेल तर वेगळा. दार आत्ताच उघडले होते की रात्रभर हेच तापमान होते? आणि सर्वांत महत्त्वाचे, दाराला लटकवलेल्या तक्त्यावर काय लिहिले आहे? तिथे सकाळी चार, दुपारी चार, संध्याकाळी चार, महिनाभर चारच लिहिलेले असेल, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, तर त्रुटी चिलरची उरत नाही. ज्या कागदावर विसंबून आपण सगळी व्यवस्था मानतो तो कागद घरी बसून भरला आहे, हे त्यातून सिद्ध होते. उलट चिलर नऊ अंशांवर गेलेला, तक्त्यावर नऊच लिहिलेले, शेजारी वेळ, मेकॅनिकला बोलावल्याची नोंद आणि काढून टाकलेल्या मालाचे वजन असेल, तर ती व्यवस्था जिवंत आहे. आकडा वाईट, पण व्यवस्था चांगली.

आता प्रत्यक्षात काय होते पाहा. दुसऱ्या ठिकाणी नऊ अंश लिहिणाऱ्याला एनसी मिळते, कारण पुरावा त्यानेच हातात दिलेला असतो. पहिल्या ठिकाणी चार-चार-चार लिहिणारा सुटतो. असे दोन-तीनदा झाले की प्रामाणिक माणूसही चार लिहायला शिकतो.

घासाघीस कशासाठी

ही घासाघीस केवळ अहंकारापोटी होत नाही. मागे गणित आहे. बीआरसीच्या पद्धतीत पाचपर्यंत मायनर असतील तर 'एए' ही सर्वोच्च श्रेणी मिळते, दहापर्यंत 'ए'. एकच मेजर आला की श्रेणी थेट 'बी'वर येते. मोठ्या सुपरमार्केट साखळ्या, हॉटेलसमूह आणि विमान कंपन्यांची केटरिंग कंत्राटे मिळवताना हे अक्षर विचारले जाते. त्यामुळे एका मेजरची किंमत दिरहॅममध्ये काढता येते. ऑडिटची फी ज्याची तपासणी व्हायची तोच भरतो. ऑडिटर फार कडक निघाला तर पुढच्या वर्षी दुसरी संस्था बोलावता येते. हे सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बोलत नाही.

याचा शेवट कुठे होतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतले आहे. कोलोरॅडोतल्या जेन्सन फार्म्स या खरबुजाच्या शेतावर जुलै २०११ मध्ये खाजगी ऑडिट झाले. शंभरपैकी ९६ गुण, शेरा 'सुपीरियर'. त्याच हंगामातल्या त्या खरबुजांतून लिस्टेरिया पसरला, २८ राज्यांत १४७ माणसे आजारी पडली आणि ३३ मेली. सरकारी तपासात काय निघाले? पॅकिंग शेडच्या फरशीवर साचणारे पाणी. नीट साफ करता येत नाही असे यंत्र, जे मुळात बटाटे धुण्यासाठी होते. फळे शीतगृहात जाण्यापूर्वी त्यांतली शेतावरची उष्णता काढण्याची सोय नाही. आणि धुण्याच्या पाण्यात जंतुनाशक वापरले जात नाही, ही गोष्ट तर ऑडिट अहवालातच नोंदलेली होती. एकेक बाब सुटी घेतली तर आपल्यापैकी कितीतरी जणांनी ती मायनरमध्ये टाकली असती. फरशीवर पाणी? मायनर. यंत्र साफ करायला अवघड? सुधारणेस वाव. पण ओली फरशी, न धुता येणारे यंत्र, जंतुनाशक नसलेले पाणी आणि उबदार फळ ही चार वाक्ये एकाखाली एक लिहून वाचली, तर थंडीतही वाढणाऱ्या लिस्टेरियाला याहून चांगले घर मिळणार नाही, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसेल. ऑडिटरने ती एकाखाली एक वाचली नाहीत, रकान्यांत वाटून टाकली.

त्याआधी २००८-०९ मध्ये पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीच्या शेंगदाण्याच्या मालातून साल्मोनेला पसरला. नऊ मृत्यू, सातशेवर आजारी. त्या कारखान्यालाही 'सुपीरियर' शेऱ्याचे खाजगी ऑडिट प्रमाणपत्र मिळालेले होते. तिथे तर मालकांना दूषित मालाची कल्पना होती. २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला २८ वर्षांची शिक्षा झाली. प्रमाणपत्र देणारा आणि घेणारा यांच्यातले पैशाचे नाते या दोन्ही घटनांत सारखेच होते.

आपल्या इथे

अमिरातीत सरकारी तपासणी कडक आहे, हे मान्य केलेच पाहिजे. अबू धाबीत २००५ मध्ये अन्न नियंत्रण प्राधिकरण स्थापन झाले, २०१९ पासून ते कृषी आणि अन्नसुरक्षा प्राधिकरण म्हणून काम करते. दुबई महापालिकेने २०१३ मध्ये फूड कोड आणला. प्रत्येक खाद्य आस्थापनात प्रशिक्षित 'पर्सन इन चार्ज' हवा, ही दुबईची अट तर अनेक देशांनी शिकण्यासारखी आहे. २०१५ चा अन्नसुरक्षेचा संघीय कायदाही आहे.

अबू धाबीत उपाहारगृह बंद केले की प्राधिकरण नावासकट जाहीर करते आणि २००८ च्या कायदा क्रमांक २ चा हवाला देते. या जाहीर पत्रकांत 'वारंवार उल्लंघन' हे कारण अनेकदा असते. म्हणजे एकदा सापडलेली बारीक गोष्ट दुरुस्त झाली नाही, पुन्हा सापडली, पुन्हा झाली नाही, की तिचे वजन बदलते. सरकारी निरीक्षकाला हे कळते. खाजगी ऑडिटमध्ये मात्र गेल्या वर्षीचा मायनर यंदा पुन्हा सापडला की तो वेगळ्या कलमाखाली, वेगळ्या शब्दांत लिहून घेण्याची विनंती होते, आणि बहुतेक वेळा ती मान्य होते.

भारतातल्या कायद्यातही हा विचार आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात कलम ३२ खाली सुधारणा नोटीस देता येते आणि कलम ३४ खाली तातडीचा मनाई आदेश. पहिल्यात दुरुस्तीला मुदत आहे, दुसऱ्यात धंदा थांबतो. खाजगी ऑडिटरांसाठी २०१८ मध्ये केलेल्या नियमांत, अन्नसुरक्षेला गंभीर धोका असलेली मेजर त्रुटी सापडली तर ती चोवीस तासांत परवाना अधिकाऱ्याला कळवायची, असे बंधन आहे. म्हणजे ऑडिटर जेवणाऱ्याच्याही बाजूने तिथे गेलेला असतो, असे कायदा मानतो.

आजाराची कोरी वही

आता त्या दुसऱ्या गैरहजर माणसाकडे, स्वयंपाकघरात राबणाऱ्याकडे येऊ.

प्रत्येक किचनमध्ये एक वही असते: कामगारांच्या आजाराची नोंद. जुलाब, उलट्या, ताप, हातावरची जखम, कावीळ यांपैकी काही असेल तर कामगाराने सुपरवायझरला सांगायचे आणि अन्नापासून दूर राहायचे. ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीचा नियम असा की जुलाब-उलट्या थांबल्यानंतरही ४८ तास अन्न हाताळायचे नाही. कारण साधे आहे. बरे वाटू लागले तरी जंतू शरीराबाहेर पडत राहतात, आणि नोरोव्हायरसचे काही मोजके कणही आजार द्यायला पुरतात.

एका मोठ्या केटरिंग किचनची ही वही मी पाहिली. शंभरावर माणसे, अख्खे वर्ष, आणि एकही नोंद नाही. बारा महिन्यांत शंभर माणसांपैकी एकाचेही पोट बिघडले नाही! आधीच्या ऑडिटरने यावर लिहिले होते: 'आजार नोंदवही अद्ययावत नाही.' मायनर. त्यावर कंपनीने उत्तर दिले: सुपरवायझरला नोंदी ठेवण्याचे पुनर्प्रशिक्षण दिले. क्लोज्ड.

ही वही कोरी का असते? २०२१ च्या संघीय कामगार कायद्यानुसार चाचणीकाळात, जो सहा महिन्यांपर्यंत असू शकतो, कामगाराला पगारी आजारपणाची रजा मिळत नाही. चाचणीकाळ संपल्यावर वर्षाला ९० दिवस रजा आहे, पण त्यातले पहिले १५ दिवस पूर्ण पगाराचे, पुढचे ३० अर्ध्या पगाराचे आणि उरलेले बिनपगारी. आता विचार करा. नेपाळच्या किंवा बिहारच्या गावातून, एजंटाला पैसे मोजून, व्याजाचे कर्ज डोक्यावर घेऊन आलेला पोरगा. नोकरी लागून तिसरा महिना. त्याला पहाटे जुलाब झाले. तो सुपरवायझरला सांगेल का? सांगितले तर त्या दिवसाचा पगार जातो, आणि 'हा सारखा आजारी पडतो' असा शेरा बसला तर चाचणीकाळातच परतीचे तिकीट. तो दोन गोळ्या घेतो आणि सॅलड कापायला उभा राहतो.

अशा ठिकाणी आजार नोंदवण्याची व्यवस्था कागदावर आहे आणि प्रत्यक्षात ती चालूच शकत नाही. आयएसओच्या भाषेत, नियंत्रणाबद्दल याहून मोठी शंका कोणती? ही त्रुटी मेजर आहे. वही भरली म्हणून ती मिटत नाही. 'पोट बिघडल्याचे सांगणाऱ्याचा पगार कापला जाणार नाही, चाचणीकाळातही नाही' असे कंपनीने लेखी दिले, आणि ते कामगारांना हिंदी, नेपाळी, मल्याळम, बंगालीत समजावले, तर ती मिटायला सुरुवात होते. कायदा किमान मर्यादा सांगतो. त्याहून जास्त द्यायला कोणाला बंदी नाही. वर्षातून एकदा काढलेले हेल्थ कार्ड त्या एका दिवसापुरते खरे असते. उरलेल्या दिवसांचे रक्षण कामगाराच्या निर्भयपणे बोलण्यानेच होते.

आपल्या चळवळीत कार्यकारणभाव हा शब्द आपण फार आदराने वापरतो. ऑडिटच्या भाषेत त्यालाच रूट कॉज म्हणतात. पण आलेल्या दहा उत्तरांपैकी बहुतेकांत रूट कॉजच्या रकान्यात एकच लिहिलेले दिसते: 'कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा.' आणि उपाय: 'पुनर्प्रशिक्षण, वॉर्निंग लेटर.' हे उत्तर 'नशीब' या उत्तराइतकेच सोयीचे आहे. त्याने कशाचाच शोध घ्यावा लागत नाही.

जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या आकाशवाणी आमदार निवासात डाळ शिळी होती म्हणून आमदार संजय गायकवाड यांनी कॅन्टीनच्या कर्मचाऱ्याला केलेली मारहाण आपण सगळ्यांनी चित्रफितीत पाहिली. त्यानंतर लगेच अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केली आणि केटररचा परवाना निलंबित झाला. डाळ खराब असेल तर आमदारांचा संताप समजू शकतो. पण डाळ किती वाजता शिजली, कुठे ठेवली, उरलेली फेकायचा अधिकार कोणाला होता, आणि फेकली असती तर तिचे पैसे कोणाच्या पगारातून गेले असते, हे प्रश्न काउंटरवरच्या माणसाच्या कानशिलात मारून सुटत नाहीत. वॉर्निंग लेटर म्हणजे तीच थप्पड, फक्त लेटरहेडवर.

कोणासाठी किरकोळ

आणि आता जेवणारा. अल कूझ, सोनापूर, जबल अली, मुसाफ्फा इथल्या कामगार वसाहतींना जेवण पुरवणारी किचन मध्यरात्रीनंतर पेटतात. भात, डाळ, भाजी पहाटेपर्यंत डब्यांत भरली जाते, कारण बसगाड्या उजाडण्याआधी साइटकडे निघतात. उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, उघड्यावरचे काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवावे लागते. हा नियम चांगला आहे. त्या साडेबाराला डबा उघडतो. पहाटे चारला भरलेला भात म्हणजे साडेआठ तास, आणि बाहेर पंचेचाळीस अंश.

भातात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू असतो. त्याचे बीजाणू शिजवल्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते उगवतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारे हे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून शिजलेले अन्न एक तर साठ अंशांवर हवे किंवा पाच अंशांखाली. मधला सगळा पट्टा धोक्याचा.

आता समजा, डिस्पॅचच्या वेळी ऑडिटरला भाताचे तापमान पन्नास अंश सापडले. हॉटेलच्या बुफेसाठी निघालेला भात पुन्हा गरम होऊन तासाभरात संपणार असेल, तर यावर चर्चा होऊ शकते. साइटवरच्या डब्यासाठी चर्चेला जागाच नाही. पण अनुभव उलटा येतो. पंचतारांकित हॉटेलचा माल असेल तर सगळे ताठ बसतात, कारण पाहुणा तक्रार करील, इंटरनेटवर लिहील. कॅम्पच्या डब्याबाबत उत्तर ठरलेले: 'डिलिव्हरीनंतरची वेळ आमच्या स्कोपमध्ये नाही.' कागदोपत्री ते खरेही असते. पण कंपनीने आपल्या हॅसप योजनेत हा डबा कोण, कुठे, किती तासांनी खाणार आहे हे लिहायलाच हवे; कोडेक्सच्या पायऱ्यांत मालाचा अपेक्षित वापर ओळखणे ही सुरुवातीचीच पायरी आहे. ती पायरी वगळलेली योजना मंजूर करणे म्हणजे त्या कामगाराच्या पोटाला मायनर ठरवणे आहे.

माझ्या मते या सगळ्याचा गाभा हा आहे. तोच दोष, तोच जंतू, पण खाणाऱ्याचा आवाज जितका लहान तितकी त्रुटी लहान होत जाते. जातीच्या आणि वर्गाच्या उतरंडीबद्दल बोलणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही उतरंड एनसीच्या रकान्यातही ओळखली पाहिजे.

दुसरी बाजू

यावर माझे काही सहकारी म्हणतात, मग सगळेच मेजर करायचे का? त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. कोरड्या गोदामातली फुटलेली टाइल, स्टोअरच्या दारावरचा उडालेला रंग, एका फॉर्मवर जुना आवृत्ती क्रमांक यांवर मेजर देणारे ऑडिटरही मी पाहिले आहेत. त्याने कामगार ऑडिटला घाबरतात, मालक तिरस्कार करतात आणि खरा धोका टाइलच्या चर्चेत लपून जातो. कराम्यातली दहा टेबलांची खानावळ आणि हजारो डबे काढणारे सेंट्रल किचन यांना एकाच कागदी ओझ्याखाली चिरडणे हाही अन्यायच आहे. लहान खानावळीचा मालक स्वतः कढईशी उभा असतो. त्याच्याकडे फाइल नसेल, पण नियंत्रण असू शकते. किरकोळ ते किरकोळच लिहिले पाहिजे. सगळ्याला मेजर म्हणणारा ऑडिटर आणि सगळ्याला मायनर म्हणणारा ऑडिटर, दोघेही निवड करण्याचे काम टाळतात.

म्हणून मी स्वतः चार प्रश्न विचारतो. एक, हा दोष तसाच राहिला तर अन्न खाणाऱ्यापर्यंत धोका पोचतो का, की मध्ये आणखी एखादी पायरी त्याला अडवते? दोन, हा दोष मी येण्याआधी कंपनीला स्वतःला सापडला होता का? तीन, गेल्या खेपेलाही हाच सापडला होता का, कोणत्याही नावाने? चार, इथे काम करणाऱ्या सर्वांत खालच्या माणसाला हा दोष दिसला, तर तो बोलू शकेल का? पहिल्याचे उत्तर 'पोचतो' असेल तर पुढे जायचीही गरज नाही. पण पहिल्याचे उत्तर समाधानकारक असूनही उरलेल्या तिघांची उत्तरे वाईट असतील, तर मी मेजर लिहितो, आणि का लिहिला ते तीन वाक्यांत लिहितो. कारण लिहिले की घासाघीस आपोआप कमी होते. आकड्याशी भांडता येते, कारणाशी भांडायला कारण लागते.

आपण काय करू शकतो

आपल्यातले बरेच जण ऑडिटर नाहीत, पण इथल्या कंपन्यांत एचआर, अ‍ॅडमिन, प्रोजेक्ट किंवा खरेदी विभागात जबाबदारीच्या जागी आहेत. कॅम्पच्या जेवणाचे कंत्राट कोणाला द्यायचे, या फाइलवर तुमची सही असते. तेव्हा माझी विनंती आहे की पुरवठादाराकडून नुसते प्रमाणपत्र घेऊ नका, शेवटचा पूर्ण ऑडिट अहवाल मागा. मायनरची यादी एकाखाली एक वाचा. ती एकाच दिशेला बोट दाखवते का पाहा. गेल्या दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. ऑडिट आगाऊ कळवून झाले की अचानक, ते विचारा; बीआरसीच्या श्रेणीपुढचे अधिक चिन्ह अचानक ऑडिटचेच असते. आजाराची वही मागा, आणि ती कोरी असेल तर आनंदू नका. आणि दर सर्वांत कमी असलेल्या निविदेला होकार देण्यापूर्वी त्या दरात गरम पेट्या, दुपारची दुसरी फेरी आणि आजारी स्वयंपाक्याचा पगार बसतो का, एवढा हिशेब करा. नसेल बसत, तर ती त्रुटी केटररची होण्याआधी आपल्या टेंडरची आहे.

जे या धंद्यात क्वालिटी मॅनेजर आहेत, त्यांना एवढेच म्हणतो: क्लोजिंग मीटिंगमध्ये मेजर वाचवलात म्हणून मिळालेली शाबासकी फार दिवस टिकत नाही. मेजर घ्या. त्याच्या आधाराने मालकाकडून नवा चिलर, दुसरी गाडी, चार जास्तीची माणसे मागून घ्या. वर्षभर तुम्ही विनवण्या करून जे मिळत नाही, ते एका मेजरने २८ दिवसांत मिळते, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे.